धरणापल्याडचं अंगण

‘मी मजेत आहे,’ असा आईला मेसेज टाकून मधुवंती नसरापूरच्या थांब्यावर एसटीची वाट बघत बसली. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं दुकानातून आणलेलं कॅमेऱ्यांचं पत्रक उलगडून हुज्जत घालत होतं.

“आगं, ह्यो पातळ घेऊ. बंडीच्या खिशात मावंल. बॅटरीबी जास्त टिकती म्हणं.”

“नगं. त्यो जाडा घ्या. त्याचा झूम लई लांबवर जातो.”

“पर पातळ्याचं फोटू झ्याक येत्यात!”

“फोटू कुणाला काढायचाय? आपल्या वट्यावरनं नूतनचं अंगण दिसाया पायजे.”

“धरणाच्या पल्याड? आगं, लेक रोज फोन करती की!”

“फोनवर रोज म्हणती, बरी हाय. अंगणात चालताना दिसली, की माझं मला कळंल.”

म्हातारा जरा वेळ पत्रकाची घडी घालत राहिला.

“मग जाडेच दोन घेऊ. एक तिला धाडू. तिलाबी आपून दिसू.”

“नगं बया! तुमी गुडघं धरून उठता, ते दिसंल तिला. म्या सांगितलंय, आण्णा ठणठणीत हायेत.”