साहेबांनी केलेली सुधारणा

तुम्ही आज फुकट सॉफ्टवेअरचं कौतुक सांगताय, मी ते फ्लॉपीच्या काळात करून बसलोय. घरखर्चाचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम लिहिला, त्याला आईचं नाव दिलं, 'रमा', आणि कोडसकट सगळ्यांना वाटला. म्हटलं, ज्याला जमेल त्यानं सुधारावा.

पुढं एकदा औरंगपुऱ्यात बघतो तर आमच्या कारखान्यातले साहेब दुकान मांडून तोच प्रोग्राम विकतायत! पडद्यावर नाव 'गृहलक्ष्मी', आत सगळं माझंच.

"साहेब, सुधारणा काय केली?"

"नाव बदललं की! 'रमा' म्हणजे तुमच्या वस्तीतलं नाव, आमच्या लोकांत कोण घेणार?"

तेवढ्यात समोरून विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा आला. साहेब लई वैतागले.

"नुसतं नाव बदलून काय मिळतं रे या लोकांना?"

मी म्हणालो, "ते तुम्हीच सांगा, साहेब."