हॅल्सींच्या बाजूचे कुंपण

श्रीमती लीलावती पद्माकर घैसास, वय ६७ वर्षे, धंदा काही नाही, पूर्वी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात वरिष्ठ लिपिक. कायमचा पत्ता विश्रामबाग, सांगली. सध्या मुक्काम मुलाकडे, १४ हॉथॉर्न क्लोज, रीडिंग, इंग्लंड. दिनांक २० मार्च २००७, मंगळवार, सायंकाळी ४ वाजून ५० मिनिटे.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून लिहून देते की, माझे शेजारी श्री. डेरेक हॅल्सी आज सकाळपासून बेपत्ता आहेत व त्यांच्याबाबत मला माहीत असलेली हकीकत खालीलप्रमाणे आहे. दुभाषी म्हणून आलेली श्रद्धा ही मुलगी इथेच जन्मलेली आहे. तिला मराठी बोलता येते, लिहिता येत नाही. सबब मी स्वहस्ते लिहीत आहे. बत्तीस वर्षे दुसऱ्यांचे कागद लिहिले, स्वतःचा जबाब पहिल्यांदाच लिहिते आहे. अक्षर सांभाळून घ्यावे.

श्री. हॅल्सी यांच्या अंगावरील कपडे मी आल्याआल्या तोंडी सांगितले आहेत व कॉन्स्टेबल कोल्स यांनी ते वायरलेसवर कळवले आहेत. तरी पुन्हा लिहिते. तपकिरी लोकरी कोट, गुडघ्यापर्यंत. करड्या रंगाची माकडटोपी. राखी मफलर, मागे गाठ मारलेला. पायात घरातल्या सपाता. निळा स्वेटर आहे, पण तो कोटाच्या आत आहे, दिसणार नाही. डोक्याचे टक्कलही दिसणार नाही. कोटाच्या उजव्या खिशात डिंकाचे दोन लाडू आहेत.

मी गेल्या नोव्हेंबरात मुलगा यशोधन व सून स्वाती यांच्याकडे आले. दोघे सकाळी साडेसातला कामावर जातात, स्वाती चारला येते, यशोधन सातला. मागच्या बागेत हॅल्सींच्या बाजूला लाकडी कुंपण होते. ते १८ जानेवारीच्या वादळात आडवे झाले. त्यानंतर साधारण आठवड्याने, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मी ओट्याशी उभी असताना श्री. हॅल्सी पडलेल्या फळ्यांवरून चालत आले व स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. आलेल्या माणसाला या म्हणायचे एवढे मला कळते. मी चहा केला. तेव्हापासून, मुले घरी असत ते शनिवार-रविवार सोडून, ते रोज येत होते. हे मी मुलाला व सुनेला सांगितले नव्हते.

का सांगितले नाही, असे विचारले. लपवण्यासारखे काही नव्हते. परंतु चार महिन्यांत माझ्याकडे म्हणून आलेले ते एकटेच होते.

ते गोंधळलेले वाटत होते का, असे कॉन्स्टेबल कोल्स यांनी दोनदा विचारले. मी स्वतः या देशात नोव्हेंबरपासून गोंधळलेली आहे, दुसऱ्याचे काय सांगणार? ते बोलायचे, मला इंग्रजी कळत नाही. मी बोलायचे, त्यांना मराठी कळत नाही. मी ऑफिसातल्या गोष्टी सांगत असे, ते हसण्याच्या जागी बरोबर हसत. मी लसूण सोलायला घेतला तर तेही सोलत. सपाता घालून येत, ते मला आमच्या घराचा मान राखल्यासारखे वाटले. आज मला सांगण्यात आले की त्यांना दोन वर्षांपासून स्मृतीचा आजार आहे व ते दिवसातून वीस वेळा एकच गोष्ट सांगतात. असेल. मला एकदाही कळली नाही, तेव्हा ती तीच आहे हे मला कसे कळावे?

आता कुंपणाबाबत. ते मला कोणी विचारलेले नाही, पण सांगितल्याशिवाय हा जबाब पुरा होत नाही.

यशोधन जानेवारीतच कुंपण करून घेणार होता. "आई, सात पॅनल्स आणि आठ पोस्ट्स, एका वीकेन्डचं काम आहे," असे तो म्हणाला. मी विचारले, कुंपण आपले की त्यांचे? कागद दाखव. त्याने सॉलिसिटरकडून घराचा नकाशा मागवला, त्यात बारा दिवस गेले. कुंपण आमचे निघाले, म्हणजे खर्चही आमचा. मग मी म्हटले, तीन कोटेशन्स घे. एकाने सहाशे चाळीस पौंड सांगितले, दुसऱ्याने साडेसातशे, तिसरा आलाच नाही. मी म्हटले, तिसऱ्याशिवाय तुलनात्मक तक्ता होत नाही. तिसरा मिळाला तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. मग मी काँक्रीटचे खांब का, लाकडाचे का नाही, असे विचारले. मग जुने उखडून नेण्याची मजुरी यात धरली आहे का. मग व्हॅट धरला आहे का. यशोधनने कॉम्प्युटरवर तक्ता केला होता, त्यात प्रत्येक वेळी एक रकाना वाढवला. शेवटी मी म्हटले, मार्च संपू दे, हा खर्च पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात धर. तो हसला. "अगं आई, घराला कसलं आर्थिक वर्ष!" म्हणाला, आणि तरीही थांबला. माझे ऐकतो तो.

फाइल अडवायची असेल तर नाही म्हणायचे नसते, शंका काढायची असते. हे मी नोकरीत बघत आले, कधी स्वतः केले नव्हते. इथे येऊन पोटच्या मुलाच्या बाबतीत केले. मला खर्चाची काळजी नव्हती. मला ते कुंपण व्हायला नको होते.

श्रीमती मॉरीन हॅल्सी या काळात दोनदा पडलेल्या कुंपणापाशी येऊन यशोधनशी बोलल्या. मी खिडकीतून पाहिले. त्या काय म्हणाल्या, असे मी दोन्ही वेळा विचारले. "काही नाही गं, कुंपणाचं विचारत होत्या. नो रश म्हणाल्या, अजिबात घाई नाही." दुसऱ्या वेळी त्या केकही घेऊन आल्या होत्या. घाई नाही म्हणणारे माणूस केक घेऊन आले तर आम्ही काय समजायचे? आज इथे ठाण्यात त्या मला म्हणाल्या, म्हणजे श्रद्धाने सांगितले, की त्या समोरच्या दाराला रोज वरची कडी घालत होत्या आणि मागे कुंपण नव्हते म्हणून त्यांना आठ आठवडे धड झोप नव्हती. सकाळी मात्र स्वतःची आंघोळ, कपडे असे करताना त्यांचे तासभर लक्ष नसायचे व श्री. हॅल्सी तेवढ्यात परतही यायचे. नवऱ्याचा आजार चारचौघांत सांगायला त्यांना बरे वाटत नव्हते. बाई, एकदा सांगितले असते तर मीच फळ्या ठोकल्या असत्या.

काल १९ मार्च रोजी यशोधनने मला न विचारता साडेसातशेवाल्याला होकार कळवला. परवा गुरुवारी माणसे येणार आहेत. म्हणून आज श्री. हॅल्सी आले तेव्हा मी तो कोट काढला. माझे पती पद्माकर यांनी तो रीडिंगला येण्यासाठी सांगलीत शिवून घेतला होता. तिकीट काढायच्या आधीच ते गेले, त्याला तीन वर्षे झाली. यशोधनला होईल म्हणून मी तो बरोबर आणला. त्याला तो खांद्यात ढगळ होतो. श्री. हॅल्सींना बरोबर बसला. बाहेर बर्फाचे कण पडत होते म्हणून टोपी व मफलरही दिला. लाडू खिशात घातले. आणखी काय करणार?

११ वाजून १० मिनिटांनी ते उठले. रोज ते मागच्या दाराने जात. आज ते समोरच्या दाराशी जाऊन उभे राहिले व मूठ फिरवू लागले. मला वाटले, नवा कोट घालून माणसाला रस्त्यावरून जावेसे वाटते. कुलूप मी काढले. दार मी उघडले. ते उजवीकडे वळले, तेव्हा मी हात केला. त्यांनीही केला.

पाऊण वाजता एक पोलीस दारावर आले व त्यांनी फोटो दाखवला. फोटोत श्री. हॅल्सी आहेत हे मी ओळखले. ओळखले नाही असे नाही. परंतु दारात पोलीस होते. यशोधनचे व्हिसाचे कागद सध्या होम ऑफिसात गेलेले आहेत, माझ्यामुळे घरावर काही यायला नको, एवढेच सुचले. मी "नो, नो" म्हणाले. ते थँक यू म्हणून गेले. त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही.

चार वाजता स्वाती घरी आली. "आई, शेजारचे आजोबा हरवलेत. निळा स्वेटर घातलाय म्हणे, सगळीकडे शोधतायत," ती म्हणाली. मी म्हटले, निळा नाही दिसायचा, वरून कोट आहे. मग तिने विचारले, "आई, तुम्हाला कसं माहीत?" मी सर्व सांगितले. ती मला रागावली नाही, गाडी काढून इथे घेऊन आली. रागावली असती तर बरे झाले असते.

म्हणजे सकाळपासून सगळे ज्या माणसाला शोधत होते तसा माणूस रस्त्यावर नव्हताच. तो मी झाकून टाकला होता. त्यातले तीन तास तर मला ठाऊक असून गेले. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही.

इथवर लिहून झाले असता ५ वाजून ३५ मिनिटांनी कॉन्स्टेबल कोल्स आत आले. तपकिरी कोटातला माणूस नदीकाठी लॉकजवळ, म्हणजे बोटींसाठी पाणी अडवणाऱ्या दरवाजांजवळ, दिसला आहे. तो पाण्याच्या अगदी कडेला उभा आहे. तिथला पोलीस डेरेक म्हणून हाक मारतो, पण तो बघत नाही आणि जवळ गेले की मागे सरकतो, मागे पाणी आहे. श्रीमती हॅल्सी तिथे पोचल्या आहेत, त्यांच्याही हाकेला तो वळला नाही. श्रद्धाने मला विचारले, "काकू, तुम्ही त्यांना काय म्हणायच्या? नाव घेऊन बोलवायच्या?"

मला त्यांचे नाव आजपर्यंत माहीत नव्हते. मी त्यांना अहो म्हणत असे. अहो, चहा घ्या. अहो, पायरी जपून. घरातल्या माणसाला आम्ही तसेच म्हणतो, दुसरे काय म्हणणार? पद्माकर गेल्यापासून मी हा शब्द तोंडातून काढला नव्हता, यांच्यासमोर तो आपोआप आला. मी अहो म्हटले की श्री. हॅल्सी वळून बघत. दर वेळी बघत.

कॉन्स्टेबल कोल्स यांनी तो शब्द आपल्या वहीत लिहून घेतला व दोनदा म्हणून पाहिला. त्यांना तो जमत नाही. मी बरोबर येते, असे मी सांगितले आहे.

वरील मजकूर मी स्वतः मोठ्याने वाचला, श्रद्धाने तो इंग्रजीत कॉन्स्टेबल कोल्स यांना सांगितला. तो खरा आहे व त्यातले काहीही मला मागे घ्यायचे नाही. गाडी दाराशी लागली आहे, अंधार पडायच्या आत जायला हवे. सही करून निघते.

लीलावती पद्माकर घैसास
सायंकाळी ५ वाजून ४८ मिनिटे