मीठ संपलंय

औषधांच्या रांगेत शिक्षिकेच्या पुढे दोन आजीबाई उभ्या होत्या.

"अगं, हा मिठाचा पुडा घे. घरी अजून चार पडलेत."

"एवढं मीठ? दुकान काढतेस की काय?"

"लेक पाठवते गं, फोनवरून मागवून. लॉकडाऊनपासूनची सवय तिची."

"आता तर दुकानं उघडी आहेत."

"आहेत की. मी जातेसुद्धा."

"मग सांग ना तिला, पुरे म्हणून!"

"दर रविवारी विचारते, 'आई, काय संपलंय?' काहीच नाही म्हटलं, तर बोलायचं काय?"

शिक्षिकेने आईला फोन लावला.

"आई, काय संपलंय गं?"

"साबण संपला बघ."

गेल्याच आठवड्यात तिने सहा वड्या पाठवल्या होत्या.

"बरं. अजून काय काय?" म्हणत शिक्षिका रांग सोडून बाकावर जाऊन बसली.