पक्याच्या चाळीखालची हाक

हसाल तुम्ही, पण सांगतो. मध्यंतरी वैतागून मोबाईलमधून व्हॉट्सॲप, फेसबुक, सगळं काढून टाकलं. रविवारी सकाळीच कंटाळलो. चक्कर मारायला म्हणून बाहेर पडलो, तर पाय थेट डिलाईल रोडला, माझ्या शाळेतल्या पक्याच्या चाळीखाली. आणि तोंडातून शाळेत असताना मारायचो तशीच हाक गेली, "ए पक्याऽऽ!"

वरच्या गॅलरीत त्याची आई आली. हाताला कणीक.

"मेल्या, तो दुबईला असतो ना? विसरलास?"

विसरतोय कसला? त्याच्या तिथल्या प्रत्येक फोटोला लाइक केलं होतं मी.

"चुकून झालं, काकी. निघतो."

"थांब रे," काकी म्हणाल्या. "किती वर्षांनी त्याच्या नावाने कोणी खालून हाक मारली. परत मार बघू."

"अहो, पण तो नाहीये ना घरात."

"मी आहे ना. मार."

मग मी मारली, अगदी घसा ताणून.

काकी कठड्यावरून मागे वळल्या आणि रिकाम्या खोलीत बघून पूर्वीसारख्याच ओरडल्या, "पक्या, आधी जेव. मग जा खाली."