ताईचे केस आणि ओली गाडी

आमच्या ताईच्या लग्नाची सकाळ तुम्हाला सांगितली का रे कधी? पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल, आम्ही तेव्हा मुलुंडला राहायचो. कार्यालयात न्यायला म्हणून वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, आमची जुनी गाडी धुतली आणि व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलट्या बाजूला लावून वाऱ्यानं सुकवायला घेतली. टपावरचे थेंब उन्हात चमकत पुढे पळत होते. हातातली कामं सोडून आम्ही बघतच राहिलो.

तेवढ्यात ताई न्हाऊन खाली आली. कमरेपर्यंतचे केस ओलेचिंब.

"अप्पा, माझेपण सुकवा ना. वेणी घालण्याइतके असे कधी सुकायचे?"

ती सासरी जाणार, यावर अप्पांनी महिनाभर चकार शब्द काढला नव्हता. आताही "बस" एवढंच म्हणाले.

ताई पायरीवर डोळे मिटून बसली. केस वाऱ्यावर संथ तरंगत राहिले.

शेवटी आईनं खिडकीतून हाक मारली, "अहो, गजरे घेऊन बसल्येय मी! सुकले का केस?"

अप्पांनी ताईच्या केसांवरून हात फिरवला. मी शेजारीच होतो, केस केव्हाच कोरडे झाले होते.

"थांब गं जरा," अप्पा म्हणाले, "अजून ओले आहेत."