राहून गेलेली क्रूझ

रामकुंडावर वडिलांच्या दहाव्याला आलेल्या मनालीला शेजारच्या घोळक्यातलं सगळं ऐकू येत होतं. त्या घोळक्यातल्या लोकांच्या पिंडाला कावळा काही केल्या शिवत नव्हता.

“वहिनी, दादाची काही इच्छा राहिली होती का?”

“गोव्याच्या क्रूझची. दिवसभर बोट, स्नॉर्केलिंग, मग बीच क्लब. बुकिंगही केलं होतं यांनी. मीच रद्द करायला लावलं.”

“का?”

“मला पाण्याची भीती वाटते, भाऊजी.”

“मग आता म्हणा, मी जाऊन येईन.”

“अहो, मी जाईन. तोंडात नळी धरून पाण्यात उतरेन. मासे बघेन.”

कठड्यावरचा कावळा जागचा हललासुद्धा नाही.

“पुन्हा म्हणा, वहिनी.”

“नको. गुरुजींना दर्भाचा कावळा करायला सांगा. मी खोटं बोलले की यांना लगेच कळायचं.”