सुहासचा हिरवा कोट

सिंगापूरला जाताना सुती कपडे न्या, हे मुलांना आता मी सांगतो. पण आमच्या वेळी बॅगेत सगळ्यात आधी कोट जायचा, आणि तोही सुहासचा.

नव्वदच्या दशकात मी, सुहास आणि दिलीप बंगळूरला बसवनगुडीत एका खोलीत राहायचो. कंपनी आम्हाला आळीपाळीनं सिंगापूरला पाठवायची. तिथल्या उकाड्यासाठी चिकपेटच्या बाजारातून हलके शर्ट घ्यायचो आणि फोटोपुरता सुहासचा तो हिरवा कोट न्यायचो. कोटाशिवाय परदेश घरच्यांना पटायचाच नाही.

घरचे तेच फोटो स्थळांना पाठवतायत, हे आम्हाला काय ठाऊक! पुण्याच्या एका घरी आधी सुहासचा फोटो गेला, मग माझा.

मी मुलगी बघायला गेलो. पोहे खाताना तिच्या वडिलांनी विचारलं, "कोट कंपनी देते का हो?"

"तसंच समजा," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. सिंगापूरलाही आला नव्हता एवढा घाम मला तिथे आला.

मुलगी शांतपणे म्हणाली, "पँट तरी तुमची आहे ना?"

"नाही, दिलीपची. बूट मात्र माझे आहेत."

ती जी हसत सुटली!

लग्नात मी तोच कोट घालायचा, एवढी एकच अट तिनं घातली. तेव्हापासून तो आमच्याच कपाटात आहे. आता कुणाच्याच अंगाला होत नाही. तरी सुहास आला की म्हणतो, "आता तरी दे रे माझा कोट."

आतून आवाज येतो, "भावजी, तो बघूनच मी होकार दिलाय. मिळायचा नाही!"